स्कूटरला लावलेलं मलम

स्कूटर सुरू होत नव्हती, आणि ती का होत नाही हे त्या भरल्या अंगणात आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, असं वैष्णवीला वाटत होतं. म्हणूनच ती पोरीला कडेवर घेऊन दाराच्या आड उभी होती. दिसू नये इतकी आत आणि ऐकू येईल इतकी बाहेर.

बळवंत, म्हणजे तिचे सासरे, किक मारत होते. आधी त्यांनी बसल्या बसल्या मारली, मग उभं राहून, मग स्कूटर एका अंगाला झुकवून पुन्हा सरळ केली आणि मारली. मागच्या सीटवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची करंडी बांधलेली होती. पालघरला एका लग्नघरी दुपारच्या आत विडे व्हायचे होते, आणि पालघरशेजारच्या या माहीमची पानं म्हटलं की त्या घरचे लोक बळवंतांशिवाय दुसऱ्या कुणाच्या वेलीकडे बघतही नसत.

शेजारचा ललित दात घासता घासता कुंपणापाशी आला. नवा प्लग टाकलाय असं कालच सांगत होतात ना, असं त्याने बळवंतांना विचारलं.

"टाकलाय तर," बळवंत धापा टाकत म्हणाले. "आमच्या सुनेनं बसवलाय. इंजिनेर हाय ती."

हे वाक्य बळवंत गेली दोन वर्षं गावभर वाटत होते. बाकीच्या दिवशी ते ऐकून वैष्णवीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तेच मांस कुणीतरी ओरबाडून नेल्यासारखं झालं.

खरं तर सगळं नीटच व्हायला हवं होतं. स्कूटर जुनी होती, केदारच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, शाळेच्या वेळची. मागच्या पावसाळ्याआधी पालघरच्या एका गॅरेजात तिचा प्लग काढायला गेले, तर इतकी वर्षं घट्ट बसलेला तो प्लग निघताना इंजिनाच्या हेडमधले निम्मे आटे आपल्याबरोबर घेऊन निघाला. दाढ काढायला गेलं आणि जबडाच हातात आला, असा चेहरा घेऊन बळवंत घरी आले होते. हेड दुरुस्त झालं, पण तेव्हापासून प्लग हा शब्द घरात जरा दबक्या आवाजातच निघे. त्यामुळे या वेळी नवा प्लग आणला, तेव्हा वैष्णवी म्हणाली, बाबा, मी बसवते. पुन्हा असा अडकणार नाही, अशी सोय करून बसवते.

बाळंतपणाच्या रजेआधी ती तारापूरच्या एका केमिकल कंपनीत देखभाल खात्यात होती. तिथे कुठलाही बोल्ट आट्यांना पेस्ट लावल्याशिवाय कसत नसत. तांब्याच्या रंगाची, चकचकीत, हाताला लागली की साबणालाही न जुमानणारी पेस्ट. कोरडा बोल्ट कसणं म्हणजे तिच्या खात्यात बिनआंघोळीचं देवाला शिवण्यासारखं होतं. पण ती पेस्ट होती तारापूरला, आणि वैष्णवी होती माहीमला.

तिने केदारला फोन लावला. तो नोकरीच्या गावीच राहायचा, आणि तेव्हा पहिल्या पाळीला होता. तो म्हणाला, "कोरडाच बसव. हल्लीच्या प्लगच्या आट्यांना मुलामा असतो. काही लागत नाही."

पण केदारचं हे नेहमीचंच होतं. पोरीला टोपडं घालायचं का, काही लागत नाही. पाहुण्यांना दुसरी भाजी करायची का, काही लागत नाही. वैष्णवीने फोन ठेवला आणि स्वतः विचार करायला बसली. पोर मांडीवर दूध पीत होती, तेवढीच काय ती विचाराची वेळ. खोबरेल तेल नको, ते जळून चिकट राळ होईल. पंपाचं ग्रीस नको, त्याचा कोळसा होऊन प्लग आणखीच धरेल. सासूबाई, मंजुळा, जाता जाता म्हणाल्या की गोडेतेल सोड दोन थेंब, आमी कढईच्या दांड्याला तेच सोडतो. तेही नको. तेल जळून गेल्यावर मागे धातूची मऊशी पूड उरली पाहिजे, म्हणजे आटे एकमेकांना धरणार नाहीत. अशी चीज माहीमच्या दुकानात कुठे मिळायची?

मग पोरीचा लंगोट बदलायला तिने मलमाची ट्यूब उघडली. पोरीच्या बुडाला पुरळ उठतं त्याचं मलम. बोटावर घेता घेता तिची नजर ट्यूबवरच्या बारीक अक्षरांवर गेली. झिंक ऑक्साइड. म्हणजे जस्त. जस्ताची मऊ पूड, स्निग्ध पदार्थात कालवलेली.

कित्येक महिने ज्या डोक्यात दुधाच्या वेळा, ढेकर आणि कुठल्या कुशीवर झोपली याखेरीज काही शिरलं नव्हतं, त्यात एकदम दिवा लागला. कंपनीतही जस्ताची अशी पेस्ट असते, हे तिला आठवलं. आपली इंजिनिअरी अजून जिवंत आहे, या आनंदात तिने पोरीच्या पायाच्या अंगठ्याची पापी घेतली.

चूक झाली ती लावताना. पोर कडेवर, प्लग डाव्या हातात, मलमाचं बोट उजव्या हातात. पोरीला चमकणारी वस्तू दिसली आणि तिने झडप घातली. मलम आट्यांना लागलं, पोरीच्या मुठीला लागलं, आणि त्या मुठीतून प्लगच्या टोकाला, जिथे ठिणगी पडायची नेमकं तिथे, लोण्याच्या गोळ्यासारखं बसलं. वैष्णवीने ते पदराने पुसलं. पुरतं पुसलं गेलं असं तिला वाटलं. तेवढ्यात पोरीने भोकाड पसरलं, आतून सासूबाईंनी हाक मारली, आणि तिने घाईघाईत प्लग कसून टाकला. किक मारून बघायची राहिली.

ती किक आता सगळं गाव बघत होतं.

ललितने चूळ भरली, घरातून पाना आणला आणि प्लग काढला. निघाला मात्र लोण्यासारखा. हे वैष्णवीने दाराआडून बघितलं, आणि एवढ्या लाजेतही तिला क्षणभर बरं वाटलं.

"पांढरा पडलाय," ललित प्लग उन्हात धरून म्हणाला.

समोरच्या ओट्यावर विक्रमकाका पेपर वाचत होते. त्यांनी सगळा जन्म टेम्पो चालवण्यात घालवला होता आणि आता तो चालवण्याबद्दल बोलण्यात घालवत होते. ते पेपरासकट खाली उतरले.

"पांढरा प्लग म्हंजे पेट्रोल कमी जातंय," ते म्हणाले.

"नाय काका. हवा जास्त जातेय."

"अरे, पेट्रोल कमी जातंय."

"हवा जास्त जातेय, काका."

दोघंही एकच गोष्ट सांगत होते, आणि हे त्या अंगणात फक्त वैष्णवीला कळत होतं. बोलायची हीच वेळ होती. बाहेर जायचं आणि सांगायचं, की काही कमीजास्त जात नाहीये, ते पोरीच्या बुडाचं मलम आहे. तिने एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलंसुद्धा. पण मागून मंजुळाबाई आल्या. त्या हात पुसत पुसत सबंध घर धुंडाळत होत्या.

"पोरीची मलमाची ट्यूब कुठे गेली गं? परत संपली का? पोरीचं बूड एवढंसं, आनि मलम बघावं तर म्हशीला लावल्यासारखं जातंय."

वैष्णवीचं पाऊल आत आलं. ट्यूबचं हे बोलणं नवं नव्हतं. गणपतीपासून या घरात ट्यूबा भराभर संपत होत्या, आणि दर वेळी सासूबाई तिच्याकडे असं बघत की तिला स्वतःलाच वाटायचं, असेल, अर्धवट झोपेत आपणच जास्त लावत असू. त्यात आता प्लगचं कळलं, तर झालंच. दिवाळीनंतर तिची रजा संपत होती. पोर लहान आहे, नोकरीचं एवढं काय अडलंय, असं मंजुळाबाईंचं म्हणणं होतं. केदार म्हणायचा, तुम्ही दोघी ठरवा. तिच्या बाजूने ठामपणे बोलणारे एकटे बळवंतच होते, आणि त्यांचं बोलणं एकच होतं, की मशिनी जिच्या हाताचं ऐकतात तिला घरात बसवून ठेवायचं नाय. एक प्लग बसवता आला नाही, तोही बाळाच्या मलमात बुडवून, हे कळल्यावर त्यांनी तरी कुठल्या तोंडाने बोलायचं?

तिकडे बळवंतांनी ललितच्या हातातून प्लग घेतला. डोळ्यांशी नेला, फिरवून बघितला, मग नाकाशी नेला. नाकाशी जरा जास्तच वेळ धरला. त्यांचे कान हळूहळू लाल होताना वैष्णवीला इतक्या लांबून दिसले. मग त्यांनी प्लग चटकन सदऱ्याच्या खिशात टाकला.

"प्लग चांगला हाय," ते म्हणाले. "कारबोरेटर खोला."

मालकानेच सांगितल्यावर ललितला काय, हातांना काम मिळालं. मंजुळाबाईंचं सूप आलं, त्यात कारबोरेटर उतरला. त्यात कचरा सापडला असता तर सगळे आपापल्या घरी गेले असते. पण तो स्वच्छ निघाला, आणि स्वच्छ निघाला हे कुणालाच मान्य होईना. म्हणून हवेची जाळी काढली. तीही साफ. मग पेट्रोलची टाकी उतरली. मग विक्रमकाकांना सायलेन्सरचा संशय आला. प्रत्येक भाग निघाला की माणसं त्याच्याकडे, खरं काय ते बोल आता, अशा नजरेने बघत आणि तो सुपात ठेवत. एक बारीकशी स्प्रिंग कुठे उडाली, ती शोधायला सगळे ओणवे झाले. कोंबड्यांना हाकलून झालं, पायपुसणं झटकून झालं. शेवटी विक्रमकाका कंबर सरळ करायला उठले, तर त्यांच्याच लुंगीच्या घडीतून ती पडली.

वैष्णवीने मध्ये दोनदा चहा नेऊन दिला. कप खाली ठेवताना ती कुणाकडे बघत नव्हती. नवल म्हणजे बळवंतही तिच्याकडे बघत नव्हते. ते खिशावर हात ठेवून उभे होते आणि कुणी प्लगचं नाव काढलं की आणखी एखादा भाग खोलायला सांगत होते. आपल्या हातून बाबांची स्कूटर पुरती गेली आणि त्यांना आपलं तोंडसुद्धा बघवत नाही, असा अर्थ तिने लावला, आणि चहाचे रिकामे कप उचलताना तिचे डोळे भरून आले.

ऊन चढलं तसा मंजुळाबाईंनी करंडीला हात लावून बघितला. फडकं सुकत आलं होतं. लग्नघरचा फोन येऊन गेला. शेवटी ललितनेच करंडी आपल्या मोटरसायकलला बांधली. निघताना तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, लाडू मात्र फक्कड करता तुमी. करत चला."

फाटकातून तो गेला. विक्रमकाकांना जेवायची आठवण झाली. अंगणात राहिलं एक सूप, एक उघडीबोडकी स्कूटर आणि मंजुळाबाई. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पोरीला वैष्णवीच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवाळीनंतरचं म्हनत होतीस ना कामावर जायचं? बघू मंग."

त्या 'बघू'चं वजन काय असतं, हे त्या घरात आलेल्या सुनेलाच कळावं.

पोर आजीच्या मांडीवर झोपली तेव्हा वैष्णवी उठली. बाबांना सांगून टाकायचं. ज्याने गावभर तिचं कौतुक केलं, त्या माणसाला निदान खोटं कारण शोधत बसवायचं नाही. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

बळवंत घरामागच्या पानवेलीत होते. वेलीत चपला घालून जात नाहीत, हा त्यांच्या घरचा आजोबा-पणजोबांपासूनचा नेम. पाटाचं पाणी असो, चिखल असो, पाऊस असो, अनवाणीच जायचं. कडेला त्यांच्या चपला काढलेल्या होत्या. शेजारी वैष्णवीने आपल्या काढल्या आणि वेलींच्या गार हिरव्या सावलीत शिरली.

ते पाटाच्या बांधावर पाठमोरे बसले होते. एक पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन, मान खाली घालून काहीतरी करत होते. ओला गारवा, पानांचा तिखट वास, आणि त्यात एक तिसराच वास. दुधाळ, गोडसर, पावडरीसारखा. हा वास वैष्णवीने झोपेतसुद्धा ओळखला असता. ती आणखी दोन पावलं पुढे गेली. बळवंतांच्या हातात गुलाबी टोपणाची ट्यूब होती, शेपटीपासून गुंडाळत आणलेली, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांमध्ये मलम भरलेलं होतं. सकाळच्या प्लगसारखं, पांढरंशुभ्र.

पायाखाली काटकी मोडली. बळवंतांनी दचकून पाय पाटात घातला, ट्यूब धोतरात लपवली, आणि मग दोन्हीला उशीर झालाय हे कळून तसेच बसून राहिले.

"बाबा," वैष्णवी म्हणाली. ठरवून आणलेलं वाक्य तेवढं तोंडात होतं, तेच बाहेर आलं. "प्लगला मी पोरीचं मलम लावलं होतं."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"वास." ते पाण्याकडे बघत होते.

"मग सगळ्यांसमोर सांगितलं का नाही? सगळी स्कूटर खोलू दिलीत ती?"

"काय सांगू? लोक विचारणार, बळवंता, बाळाच्या मलमाचा वास तुला कसा रे बाबा इतका वळखीचा."

वैष्णवी बांधावर त्यांच्या शेजारी बसली. तिला हसू आलं, पण सासऱ्यासमोर हसायचं कसं म्हणून तिने पदर तोंडाशी धरला.

मग थोडं थोडं करून त्यांनी सांगितलं. या पावसाळ्यात चिखल्यांनी पाय टेकवेना. मंजुळाबाईंची हळद आणि तेल नुसतं झोंबायचं, पण बरं वाटतंय म्हणून सांगायला लागायचं, नाहीतर त्या आणखी लावत. गणपतीच्या सुमाराला एक दिवस दुपारी पोर रडायला लागली. मंजुळा दुकानात गेलेली, वैष्णवी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली.

"तोंड उघडं टाकून झोपली व्हतीस. उठवायला जीव झाला नाय. मंग मीच बदलला लंगोट. मलम लावलं. बोटाला उरलं ते पायाला पुसलं. दुसऱ्या दिशी नीट चाललो बघ मी."

"मग तेव्हापासून?"

"मंग तवापासून. दोन्ही."

दोन्ही म्हणजे काय हे कळायला तिला जरा वेळ लागला. कितीतरी दुपारी ती दचकून जागी व्हायची, तर पोर कोरडी, हसरी, पाळण्यात हात नाचवत असायची, आणि बळवंत लांब ओसरीवर पाठ करून सुपारी कातरत असायचे. तिला वाटायचं पोर शहाणी आहे. तिने पाण्याकडे तोंड वळवलं.

मग बळवंतांनी खिशातून प्लग काढून तिच्या हातावर ठेवला. "प्लगला कोरडंच बरं का गं?"

"कोरडंच बरं," ती म्हणाली. "पायांना मात्र लागतं. आणि मलम लावलेला पाय पाण्यात घालायचा नसतो, बाबा."

मग ती अंगणात सुपासमोर बसली. प्लग पेट्रोलच्या बोळ्याने पुसला, टोक दाढीच्या जुन्या ब्रशने घासलं. हेडमधले आटेही स्वच्छ केले आणि प्लग कोरडा, हाताने फिरवत फिरवत बसवला, शेवटी पान्याने अलगद कसला. कारबोरेटर जोडला, जाळी बसवली, टाकी चढवली. बळवंत एकेक भाग हातात देत होते. सकाळी चार माणसांनी जे उलगडून ठेवलं होतं, ते तिच्या बोटांना आपोआप आठवत गेलं. मंजुळाबाई दारात पोरीला थोपटत बघत होत्या. त्यांनी सुनेला असं काम करताना कधी पाहिलं नव्हतं. थोपटायचं थांबलंय हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

ललित पानं पोचवून फाटकातून आत आला, तोच बळवंतांनी किक मारली. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली. थोडा पांढरा धूर निघाला, त्याला जरासा बाळाचा वास होता, पण तो दोघांशिवाय कुणाला ओळखू आला नाही.

"काय व्हतं, काका?" ललितने विचारलं.

"तुमी खोललेलं तिनं बसवलं," बळवंत म्हणाले. "एवढंच व्हतं." मग दाराकडे बघत, आवाज जरा चढवून ते म्हणाले, "आनि दिवाळीनंतर ती कामावर जाईल तवा पोरीला मी सांभाळीन. लंगोट बदलता येतो मला."

हे ललितसमोर, ओट्यावर येऊन बसलेल्या विक्रमकाकांसमोर, भर अंगणात. विक्रमकाकांचा पेपर खाली आला. मंजुळाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाला स्वतःचा टॉवेल कुठे असतो ते सापडलं नव्हतं. बळवंतांचे कान पुन्हा लाल झाले, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

संध्याकाळी केदारचा फोन आला. प्लग कोरडाच बसवलास ना, असं त्याने विचारलं. "कोरडाच," वैष्णवी म्हणाली, आणि त्या घडीला ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बळवंत पालघरहून परत आले ते मलमाच्या दोन ट्यूबा घेऊन. त्यातली एक त्यांनी पोरीच्या पाळण्यापाशी ठेवली. दुसरी खिशात जायच्या आत मंजुळाबाईंनी बघितली.

"दोन कशाला?"

दोन दिवसांत एका माणसाने किती लाज सोडायची, याला काही मर्यादा असते. बळवंतांनी वैष्णवीकडे बघितलं. तशीच नजर परवा कडेवरच्या पोरीने प्लग काढून घेताना टाकली होती.

कुंपणापलीकडे ललित मोटरसायकल पुसत होता, आणि त्याचा फडक्याचा हात थांबलेला वैष्णवीला दिसत होता.

"एक स्कूटरला आहे, आई," ती म्हणाली. "जस्त असतं ना त्यात. आट्यांना लावतात."

मंजुळाबाईंनी ट्यूब हातात घेऊन उलटीपालटी केली. आदल्या दिवशी सुनेने स्कूटर जोडलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी ती नेऊन स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि डिकी बंद करून वर थाप मारली. "मंग पोरीच्या वस्तूंत मिसळू नको. स्कूटरची स्कूटरपाशी असू दे."

तेव्हापासून बळवंत रोज वेलीतून आले की डिकी उघडतात आणि स्कूटरच्या आडोशाला बराच वेळ बसतात. लोकांना वाटतं, या वयात माणूस गाडीची काय निगा राखतो. चालताना हल्ली ते अजिबात लंगडत नाहीत, याचं श्रेय मंजुळाबाई आपल्या हळदीला देतात.

दिवाळी झाली. कामावर जायच्या पहिल्या सकाळी वैष्णवी डबा पिशवीत टाकून अंगणात आली, तर ललित फाटकाशी घुटमळत होता. त्याच्या हातात मोटरसायकलचा नवा प्लग होता.

"वहिनी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्या मलमाचं नाव काय हो?"

ती काही बोलायच्या आत आतून मंजुळाबाईंचा आवाज आला. "आमच्या स्कूटरचं घे तूर्त बोटभर. पन बेतानं लाव हां, आमच्या इंजिनेरनं सांगितल्याबिगर भलत्या जागी लावू नको."

बळवंत पोरीला खांद्यावर घेऊन ओसरीत उभे होते. त्यांनी गडबडीने तोंड पोरीच्या पोटात लपवलं. वैष्णवीला तोंड लपवायला काहीच नव्हतं. तिने ओढणी डोक्यावरून घेतली, ऊन फार आहे असं म्हणाली, आणि अजून न उगवलेल्या उन्हातून तारापूरला जायला बोईसरच्या गाडीकडे चालू लागली.